राखणदाराची राखण

निविदा सूचना सहसा कोणी वाचत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात, कार्यकारी अभियंत्याच्या नावाने ती छापली जाते आणि ती वाचतात ते दोन-चार कंत्राटदार. ‘शिरूर व दौंड येथील पोलीस इमारतींमधील इलेक्ट्रॉनिक सुरक्षा यंत्रणेची वार्षिक देखभाल’ अशा मजकुराच्या सूचनेपाशी तर सामान्य वाचकाची नजर थांबण्याचे काहीच कारण नसते. रक्कम लहान, काम किरकोळ. ना भूमिपूजन, ना फीत कापण्याचा समारंभ. परंतु कोठडीसमोरचा कॅमेरा मध्यरात्री दोन वाजता जागा असेल की झोपलेला, हे ठरते ते अशाच एखाद्या दुर्लक्षित सूचनेत.

शिरूर आणि दौंड ही काही निवांत गावे नव्हेत. शिरूर घोडनदीच्या काठी, पुणे-अहिल्यानगर महामार्गावर वसलेले. रांजणगावचा महागणपती आणि तेथील मोठी औद्योगिक वसाहत याच तालुक्यात. कोरेगाव भीमाही याच तालुक्यात. १ जानेवारी २०१८ रोजी तेथे उसळलेल्या हिंसाचाराचे पडसाद राज्यभर उमटले होते. दौंड हे भीमेकाठचे मोठे रेल्वे जंक्शन. राज्य राखीव पोलीस दलाचे पाचवा आणि सातवा हे दोन गट तेथे आहेत आणि कुरकुंभची रासायनिक कारखान्यांची वसाहत जवळच आहे. परप्रांतातून आलेला कामगार, यात्रेकरू, प्रवासी, मालवाहतूक आणि त्यांच्या आडोशाने वावरणारा गुन्हेगार या सर्वांचा राबता असलेल्या या पट्ट्यातील पोलीस ठाण्यांवर किती भार असेल, हे निराळे सांगायला नको.

कॅमेऱ्याचे मोल या भागाला अलीकडेच कळून चुकले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकात एका तरुणीवर अत्याचार झाला. स्थानकातील कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून संशयिताची ओळख पटली आणि शिरूर तालुक्यातील गुनाट या त्याच्या गावी, उसाच्या फडांतून कसून शोध घेऊन, त्याला ताब्यात घेण्यात आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याच्या खटल्यातही छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील कॅमेऱ्यांचे चित्रण न्यायालयापुढे पुरावा म्हणून आले. याची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा शाळेतील पंधरा दिवसांचे चित्रणच उपलब्ध नसल्याचे शासनाच्या चौकशीत आढळले. कॅमेरे असणे वेगळे आणि चित्रण असणे वेगळे, हा धडा फार मोठी किंमत मोजून मिळाला.

मग ज्यांनी इतरांचे चित्रण तपासायचे, त्या पोलिसांच्या स्वतःच्या इमारतींची स्थिती काय? या प्रश्नाने न्यायालयांना गेले दशकभर सतावले आहे. मुंबईत रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील एका तरुणाच्या मृत्यूचे प्रकरण ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आले असता, राज्यातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवावेत, चित्रण किमान एक वर्ष जपून ठेवावे आणि यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखाची राहील, असे न्यायालयाने बजावले. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण देशासाठी आदेश दिला. मुख्य दरवाजा, येण्याजाण्याच्या सर्व वाटा, सर्व कोठड्या, मार्गिका, स्वागत कक्ष, निरीक्षकांची व उपनिरीक्षकांची दालने, ठाण्याची मागची बाजू, यांपैकी एकही जागा कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटता कामा नये. कॅमेऱ्यांना रात्री दिसले पाहिजे, आवाजही नोंदवता आला पाहिजे. आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, साठवले गेले पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमाव्यात आणि ठाण्यातील कॅमेरा बंद पडताच ठाणे प्रमुखाने तसे जिल्हा समितीला कळवावे, हेही त्याच आदेशात आहे.

आदेश झाला, अंमलबजावणीचे काय झाले? २०२२ च्या प्रारंभी राज्य शासनाने मुंबई उच्च न्यायालयाला दिलेल्या माहितीनुसार राज्यातील १,०८९ पोलीस ठाण्यांपैकी ५४७ ठाण्यांत कॅमेरे बसले होते. त्या ६,०९२ कॅमेऱ्यांपैकी ४५३ बंद होते. म्हणजे निम्म्या ठाण्यांत कॅमेरेच नव्हते आणि जेथे होते तेथे दर तेरा-चौदा कॅमेऱ्यांमागे एक आंधळा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तर राजस्थानात सात-आठ महिन्यांत पोलीस कोठडीत ११ मृत्यू झाल्याच्या वृत्तपत्रीय बातमीची सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली आणि ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांचा विषय पुन्हा ऐरणीवर आला. पाच वर्षांनंतरही तोच प्रश्न त्याच न्यायालयापुढे उभा राहतो, याचा अर्थ दुखणे खरेदीपुरते नाही. ते खरेदीनंतर सुरू होते.

खरेदीला तोरण असते, देखभालीला नसते, हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा जुना रोग आहे. पाणीपुरवठा योजनेचे उद्घाटन थाटात होते आणि दोन वर्षांत पंप जळून पडतो. संगणक कक्ष उघडतो आणि तिसऱ्या वर्षी संगणकांवर धुळीचे थर चढतात. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत हा रोग अधिक घातक ठरतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. जळालेला पंप पाणी थांबताच ओळखता येतो. कॅमेरा भिंतीवर असतो, त्याचा लाल दिवा लुकलुकत असतो, ठाणे अंमलदाराच्या टेबलावरील पडद्यावर चित्रही दिसते. मात्र आतली हार्ड डिस्क महिन्यापूर्वीच निकामी झालेली असते. ज्या दिवशी चित्रण मागितले जाते, त्या दिवशीच ते नसल्याचे उघड होते. उन्हाळ्यातील धूळ आणि चाळिशी ओलांडणारा पारा, वळिवाच्या पावसातील विजा, वाढता-घटता विद्युतदाब, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, दम तोडलेल्या बॅटऱ्या आणि चुकीची वेळ दाखवणारे घड्याळ हे या यंत्रणेचे नित्याचे शत्रू. त्यांच्याशी लढणारा माणूस महिन्यातून एकदा तरी शिडी लावून वर चढला पाहिजे.

साठवणुकीचा साधा हिशेब केला तरी देखभाल करारात काय लिहायला हवे ते उमगते. बऱ्यापैकी स्पष्ट चित्र देणारा एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट माहिती पाठवतो असे धरले, तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा लागते. सोळा कॅमेऱ्यांच्या ठाण्यात ४ टेराबाइटची एक डिस्क बाराव्या दिवशी भरते आणि यंत्र जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहू लागते. अठरा महिन्यांसाठी याच ठाण्याला सुमारे १९० टेराबाइट जागा हवी. बारा दिवस आणि अठरा महिने! न्यायालयाचा आदेश आणि भिंतीवरचे यंत्र यांच्यात हे अंतर असेल आणि करारात त्याचा उल्लेखही नसेल, तर कंत्राटदार ‘यंत्रणा सुस्थितीत’ असा शेरा लिहून मोकळा होईल. त्याला खोटेही म्हणता येणार नाही.

म्हणूनच देखभालीचे कंत्राट कोणाला आणि कोणत्या अटींवर दिले जाते, हा प्रश्न कारकुनी नाही. प्रचलित पद्धतीत सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. सार्वजनिक पैशाच्या काटकसरीचा हेतू त्यामागे आहे आणि तो योग्यच आहे. परंतु सिमेंटच्या पोत्याचा दर्जा तपासता येतो, तसा देखभालीचा दर्जा निविदा उघडताना तपासता येत नाही. अंदाजपत्रकाच्या कितीतरी खाली दर भरून काम पटकावणारा कंत्राटदार तोटा सोसायला आलेला नसतो. तो वजाबाकी भेटींमध्ये करतो, सुट्या भागांमध्ये करतो, माणसांच्या पगारात करतो. सुटे भाग करारात धरलेले नसतील तर बिघडलेल्या प्रत्येक भागासाठी स्वतंत्र मंजुरी लागते. कागद ठाण्यातून उपविभागात, तेथून पुण्याला जातो आणि परत येईपर्यंत कॅमेरा आंधळाच राहतो. दौंड आणि शिरूर दोन्ही पुण्यापासून सुमारे सत्तर ते ऐंशी किलोमीटर दूर आणि तीही वेगवेगळ्या दिशांना. शहरात दुकान थाटून बसलेल्या ठेकेदाराचा तंत्रज्ञ एका कॅमेऱ्यासाठी एवढा प्रवास कशाला करील? तो चार तक्रारी साचण्याची वाट पाहील.

‘ही कामे लहान असतात, त्यांना एवढ्या अटी लावल्या तर कोणी पुढेच येणार नाही’, असा आक्षेप अधिकारी वर्गाकडून घेतला जातो. त्यात तथ्य अगदीच नाही असे नाही. परंतु त्यावरचा उपाय अटी सैल करण्याचा नाही. जवळपासच्या ठाण्यांची कामे एकत्र करून ती तीन-चार वर्षांसाठी दिली, तर कंत्राटदाराला शिरूरमध्ये वा दौंडमध्ये एक तंत्रज्ञ कायम ठेवणे परवडेल. दोन्ही तालुक्यांत औद्योगिक वसाहती आहेत, प्रशिक्षित तरुण आहेत; त्यांना गावातच काम मिळेल. अवाजवी कमी दर भरणाऱ्याकडून अतिरिक्त सुरक्षा अनामत घेण्याची पद्धत बांधकामांत आहे. तिचा कटाक्षाने उपयोग देखभालीच्या कामांतही झाला पाहिजे.

देखभालीचे शहाणपण महाराष्ट्राला कोणी बाहेरून शिकवण्याची गरज नाही. शिवछत्रपतींनी किल्ले बांधले, त्याहून अधिक काळजी ते राखण्याची घेतली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांचे प्रकरण पाहावे. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी जातीने येऊन दारू व बाण बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे, इतक्या बारकाईने तेथे आज्ञा दिल्या आहेत. दमट दारू ऐनवेळी पेटत नाही, हे ज्यांनी अनुभवले होते त्यांचे ते शब्द आहेत. आजच्या ठाण्यातील निकामी हार्ड डिस्क ही त्याच जातीची दमट दारू होय. किल्ल्याचा कारभारही एका हाती नव्हता. हवालदार, सबनीस, सरनोबत आणि कारखानीस यांची कामे विभागलेली होती. किल्ला सांभाळणारा, हिशेब ठेवणारा आणि साठा पाहणारा वेगळा असल्याने एकाच्या चुकीने वा फितुरीने किल्ला जात नसे.

तोच विवेक देखभाल करारात आणता येईल. काम करणारा कंत्राटदार, काम झाल्याचा दाखला देणारा अधिकारी आणि देयक मंजूर करणारा अधिकारी हे तिघे खरोखर वेगळे असावेत आणि दाखला सहीपुरता नसावा. दर महिन्याला प्रत्येक कॅमेऱ्याचे, आधी न सांगता निवडलेल्या एखाद्या जुन्या तारखेचे, पाच मिनिटांचे चित्रण काढून दाखवावे. ते निघाले तरच देयक निघावे. एवढ्या एका अटीने निम्मी बनवेगिरी थांबेल. तक्रार नोंदवल्यापासून किती तासांत तंत्रज्ञ पोहोचला पाहिजे, कोठडीसमोरचा कॅमेरा किती वेळात चालू झाला पाहिजे आणि तोवर पर्यायी कॅमेरा कोण देणार, हे करारात असावे. ‘यंत्रणा ९५ टक्के काळ चालू राहील’ अशी हमी ऐकायला भारदस्त वाटते. प्रत्यक्षात वर्षातील अठरा दिवस ती बंद राहण्याची ती मुभा असते. दंडाची रक्कमही अशी असावी की दुरुस्ती करणे दंड भरण्यापेक्षा स्वस्त पडेल.

आणखी एक बाजू राष्ट्रीय सुरक्षेची. २०२१ मध्ये केंद्र शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार शासकीय आस्थापनांमध्ये चिनी कंपन्यांचे सुमारे दहा लाख कॅमेरे बसलेले होते. चीनच्या २०१७ च्या गुप्तवार्ता कायद्यानुसार तेथील प्रत्येक संस्थेवर सरकारच्या गुप्तवार्ता कार्यात सहकार्य करण्याचे बंधन आहे. केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक चाचण्या सक्तीच्या करणारी अधिसूचना काढली आणि एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली, हे पाऊल स्वागतार्हच. परंतु नियम नव्या कॅमेऱ्यांना लागू होतात. भिंतीवरचे जुने कॅमेरे तेथेच राहतात. ते कोणते, त्यांची आज्ञावली अद्ययावत कोण करतो, कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड बदलला आहे काय, कंत्राटदाराचा माणूस घरबसल्या ठाण्याचे चित्र पाहू शकतो काय आणि नादुरुस्त म्हणून काढून नेलेली हार्ड डिस्क कोठे जाते, या प्रश्नांची उत्तरे देखभाल करारातच मिळाली पाहिजेत. ज्या इमारतीत शस्त्रागार आहे, बिनतारी संदेश कक्ष आहे, खबऱ्यांची ये-जा आहे, त्या इमारतीच्या डोळ्यांची किल्ली अपरिचिताच्या हाती देणे हा निष्काळजीपणा कसा परवडेल?

‘कॅमेरे म्हणजे पोलिसांवर अविश्वास’, अशी भावना काही पोलीस कर्मचाऱ्यांत आणि त्यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्या नागरिकांतही आढळते. ती समजून घेतली पाहिजे. सणवार विसरून बंदोबस्तावर उभा राहणारा हवालदार समाजाच्या कृतज्ञतेचा धनी आहे. परंतु चालू कॅमेऱ्याचा पहिला लाभार्थी तोच आहे. मारहाणीचा, लाच मागितल्याचा, तक्रार न घेतल्याचा खोटा आरोप झाला, तर त्याच्या बाजूने बोलणारा निःपक्षपाती साक्षीदार भिंतीवर असतो. तो बंद असेल तर संशयाचा फायदा आरोप करणाऱ्याला मिळतो. उलट, नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला. मोजक्या अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या त्या कृत्याने सबंध दलाची मान खाली गेली. वर्दीची प्रतिष्ठा जपायची तर वर्दीतल्या अपवादाला लपायला कोपरा मिळता कामा नये.

बंद दाराआडची सत्ता किती निर्घृण होऊ शकते, हे आणीबाणी पाहिलेल्या पिढीला तरी सांगण्याची आवश्यकता नाही. केरळमधील राजन हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी १९७६ मध्ये कक्कयम येथील पोलीस छावणीत मरण पावला. त्याच्या वृद्ध पित्याला आपला मुलगा कोठे आहे एवढे विचारण्यासाठी न्यायालयात जावे लागले आणि त्या प्रकरणात १९७७ मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. राजनचे विचार कोणते होते हा प्रश्न येथे गौण आहे. कोठडीतील माणूस कोणत्याही पक्षाचा, पंथाचा वा जातीचा असो, तो राज्याच्या हवाली असतो. त्याच्या जिवाची जबाबदारी राज्याची असते.

शेवटी प्रश्न पुराव्याचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात सादर करताना प्रमाणपत्र द्यावे लागते. ज्या यंत्रातून ती निघाली ते व्यवस्थित चालत होते, हे त्यात सांगावे लागते. यापूर्वीच्या कायद्याखाली या प्रमाणपत्राचे महत्त्व ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा १४ जुलै २०२० चा निकाल महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात लागला. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रण त्यात निर्णायक ठरले. एका कार्यालयातील कॅमेऱ्याने आमदारकीचा निकाल फिरू शकतो, तर ठाण्यातील कॅमेऱ्यावर एखाद्याचे निरपराधित्व वा एखाद्या पीडितेचा न्याय अवलंबून असणे स्वाभाविक आहे. अशा वेळी कंत्राटदाराची देखभाल नोंदवही ही साधी वही राहत नाही. न्यायालयात ती साक्ष देते. तिच्यातली खोटी नोंद हा आर्थिक गैरव्यवहार तर असतोच, शिवाय ती खोटी साक्षही ठरते.

या सर्वांत समाजाने काय करायचे? शिरूरपासून फार दूर नसलेल्या राळेगणसिद्धीतून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली आणि २००५ मध्ये देशाला तो कायदा मिळाला. त्या कायद्याखाली साध्या कागदावर अर्ज करून कोणालाही विचारता येते की आपल्या ठाण्यात कॅमेरे किती, त्यातले चालू किती, चित्रण किती दिवसांचे साठते, देखभालीचे काम कोणत्या अटींवर दिले आहे आणि जिल्हा देखरेख समितीची बैठक केव्हा झाली. ठाण्यात कॅमेरे असल्याचे फलक दर्शनी जागी लावणे न्यायालयाच्या आदेशानेच बंधनकारक आहे. तो फलक आहे की नाही, हे तर उभ्या उभ्या पाहता येते. दरवर्षी २ जानेवारीला महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन साजरा होतो, त्या निमित्ताने शाळेतील मुले ठाण्यात जातात, शस्त्रे कुतूहलाने पाहतात. त्यांच्यासोबत गेलेल्या शिक्षकाने वा पालकाने ठाणे प्रमुखांना नम्रपणे एवढेच विचारावे, ‘साहेब, महिन्यापूर्वीचे चित्रण दाखवता येईल का?’ या प्रश्नात अविश्वास नाही, आपुलकी आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याला तो आवडेल, कारण वरिष्ठांकडे देखभालीचा निधी आणि चांगला कंत्राटदार मागताना त्याच्या पाठीशी गाव उभे आहे, हे त्याला कळेल.

पोलीस समाजाचे राखणदार आहेत आणि कॅमेरा राखणदाराचा सोबती आहे. त्या सोबत्याच्या डोळ्यांत वडस येऊ न देणे हे काम एका कंत्राटदाराच्या हाती सोपवले जाते. ते त्याने नीट करावे यासाठी करार कठोर हवा, तपासणी खरी हवी आणि निविदा सूचनेच्या त्या बारीक टाइपावर नागरिकाची नजर हवी.